वलीच्या रकान्यात कुणाचं नाव?

“बाई, यात वलीचा ई-मेल मागतायत. कुणाचा टाकू?”

लालबागच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई भर दुपारी घरी आली आणि पाण्याचा घोट घ्यायच्या आधीच तिने हे विचारलं. परळला महापालिकेच्या मराठी शाळेत मी 26 वर्षं शिकवलं. आसपासच्या कोकणी मुसलमान घरांतल्या कितीतरी मुली माझ्या हाताखालून गेल्या, त्यामुळे शाळा सुटली तरी ‘बाई’ सुटलं नाही. पूर्वी अर्ज भरून घ्यायला माणसं यायची, आता फोन घेऊन येतात.

मुलगी 25 वर्षांची, बी.कॉम. झालेली, लोअर परळला नोकरी करणारी. आईला सांगूनच तिने निकाहासाठीच्या एका ॲपवर नाव नोंदवलं होतं. अशा ॲपमध्ये वलीची, म्हणजे निकाहात मुलीची बाजू सांभाळणाऱ्या पालकाची, सोय असते. ब्रिटनमध्ये सुरू झालेलं ‘मझ’ नावाचं ॲप आहे, पूर्वी त्याला ‘मझमॅच’ म्हणत. त्यावर मुलीने आपल्या वलीचा ई-मेल दिला, तर समोरच्या मुलाशी तिचं जे लेखी बोलणं होतं त्याची प्रत वलीकडे जाते. दोन परक्या माणसांनी एकांतात बोलू नये, घरचं कुणीतरी सोबत असावं, ही आपली जुनी रीत त्यांनी फोनमध्ये बसवली.

मुलीचे वडील 22 वर्षं कुवेतला आहेत. त्यांचा ई-मेल कंपनीतल्या कुणीतरी कधीतरी काढून दिलेला, तो ते उघडत नाहीत. घरात ई-मेल बघणारा एकच, मुलीचा धाकटा भाऊ, वय 19. आईने त्याचा पत्ता टाकायचं ठरवलं. मुलगी भांडली नाही, रडली नाही. फोन आईच्या हातात ठेवून आत गेली आणि दोन दिवस त्या विषयावर बोलली नाही. तिच्या गप्प बसण्याने आई घाबरली होती.

आई-वडिलांनो, मला तुमच्याशी या रकान्याविषयी बोलायचं आहे. मुली फोनवर स्थळ शोधतात हे आता घरोघरी आहे, ते चांगलं की वाईट यावर मी वेळ घालवणार नाही. त्या शोधात आपण कुठे उभं राहायचं, हा प्रश्न आहे. तिला एकटीला सोडून द्यायचं नाही हे माझ्या मनात पक्कं आहे. पण धाकट्या भावाने बहिणीचं प्रत्येक वाक्य वाचायचं, याला मी पालकत्व म्हणणार नाही. ज्या भावाला तिने कडेवर घेऊन बालवाडीत सोडलं, त्याच्यासमोर ती लग्नाबद्दल, मुलांबद्दल, सासू-सासऱ्यांबरोबर राहण्याबद्दल मोकळेपणी काय लिहिणार? ती एकतर खोटं खोटं लिहील, नाहीतर दुसऱ्या कुठल्यातरी नंबरवरून बोलेल. मग आपल्याला काहीच कळणार नाही.

मी याहून मोठी चूक केली आहे. ती सांगितल्याशिवाय पुढे बोलणं बरं नाही.

सहा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या मुलीसाठी आम्ही स्थळं बघत होतो. ती परळच्या एका रुग्णालयात प्रयोगशाळेत काम करायची, पाळ्या बदलत्या, घरी येऊन झोपायची. म्हणाली, “अम्मी, तूच बघ.” मी एका विवाह संकेतस्थळावर तिच्या नावाने माहिती भरली. पहिले आठ दिवस प्रत्येक गोष्ट तिला विचारली. मग तिची झोप मोडायला नको म्हणून मीच उत्तरं द्यायला लागले. तिच्या नावाने, तिच्या वतीने, ‘मला वाचायला आवडतं’, ‘मला कोकणात जायला आवडतं’ असं. असे चार महिने गेले.

माहीमचा एक मुलगा होता, घराणं मूळ खेड तालुक्यातलं. त्याने एके रात्री बरंच लांबलचक लिहिलं. दोन वर्षांपूर्वी त्याची मंगनी मोडली होती. वडिलांना पक्षाघाताचा झटका आला, कर्ज झालं, समोरच्यांनी हात आखडता घेतला. भेटीच्या आधी हे तुम्हाला माहीत असावं, असं त्याने लिहिलं होतं. मी चष्मा लावून वाचलं आणि दोन ओळींत उत्तर दिलं: काही हरकत नाही, अल्लाह सगळं ठीक करील. मुलीला सांगायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर मला ते तिला सांगण्याइतकं मोठं वाटलंच नाही.

ते लोक घरी आले. मुलगा-मुलगी बाहेरच्या खोलीत बसून बोलत होती, आम्ही आत. बोलता बोलता त्याने वडिलांचं नाव काढलं तेव्हा ही म्हणाली, “का, त्यांना काय झालंय?” तो मुलगा तिथेच थांबला. चहा घेऊन ते लोक गेले आणि तिसऱ्या दिवशी नकार आला. त्या रात्री माझा फोन घेऊन मुलीने चार महिन्यांचं सगळं वाचून काढलं. मी कांदा चिरत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, “अम्मी, त्याने एवढं मला सांगितलं, आणि मी तिथे नव्हतेच.”

त्या दिवसापासून मी वली या शब्दाचा नीट विचार करायला लागले. निकाहाच्या दिवशी आपण तो उच्चारतो आणि नंतर विसरतो.

आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. शाफई मताप्रमाणे वलीशिवाय निकाह होत नाही. आपल्या शेजारी मदनपुऱ्यात उत्तरेकडून आलेली विणकर घराणी हनफी, त्यांच्या मते वयात आलेली, समजदार मुलगी आपला निकाह स्वतः करू शकते. म्हणजे हा वलीचा रकाना सगळ्या मुसलमानांसाठी सारखा नाही, आपल्यासाठी तो जास्त जड आहे. आणि त्यात कुणाचं नाव येतं याला क्रम आहे. आधी बाप. तो नसेल तर बापाचा बाप. मग भाऊ, मग भावाचे मुलगे, मग चुलते. बाप कुवेतला असला तरी हयात आहे, फोनवर आहे, तेव्हा त्याचा हक्क आणि त्याची जबाबदारी 19 वर्षांच्या मुलाकडे सरकत नाही. तो निकाहाच्या दिवसासाठी दुसऱ्याला वकील नेमू शकतो, पण आपल्या जागी नेमतो. त्या आईला मी पहिली गोष्ट हीच सांगितली.

या क्रमात आईचं नाव कुठेच नाही. स्थळं शोधते आई, शेजारणींना विचारते आई, रात्री दोन वाजता जागी असते आई. मला याचं वाईट वाटतं आणि मी ते लपवत नाही. पण ज्या घरात बाप मुलीला विचारून आणि आईचं ऐकून पाऊल टाकतो, त्या घरात हा क्रम कुणाला बोचत नाही, हेही मी पाहिलं आहे.

आता बापांशी थोडं. जुन्या शाफई ग्रंथांत कुमारिकेच्या बाबतीत बापाला फार मोठा अधिकार दिलेला आहे, हे खरं आहे. पण हदीसमधली खन्सा बिन्त खिदाम यांची हकीकतही तितकीच खरी आहे. त्या आधी लग्न झालेल्या बाई होत्या. वडिलांनी त्यांचा निकाह त्यांच्या मनाविरुद्ध लावला. त्या पैगंबरांकडे (स.) गेल्या आणि पैगंबरांनी तो निकाह रद्द केला. एका कुमारिकेचीही अशीच हकीकत सांगितली जाते, तिच्या बाबतीत निवड तिच्याच हाती दिली गेली. आणि हजरत खदीजा? त्यांनी तर स्वतः आपल्या विश्वासातल्या बाईमार्फत पैगंबरांना विचारणा केली होती. मुलीने आधी नाव काढलं म्हणून लाज वाटायचं काय कारण?

आपल्या मुंबईतच या गोष्टी कोर्टात गेल्या आहेत. उच्च न्यायालय स्थापन झालं 1862 मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1864 मध्ये, महंमद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद हा खटला तिथे उभा राहिला. शाफई घरातल्या, वयात आलेल्या एका मुलीने हनफी मत स्वीकारून वडिलांच्या संमतीशिवाय निकाह केला होता. कोर्टाने तो ग्राह्य धरला. पुढे 1939 मध्ये, सय्यद मोहिउद्दीन विरुद्ध खातिजाबी या खटल्यात, याच कोर्टाने सांगितलं की वयात आलेल्या शाफई मुलीचा निकाह तिच्या संमतीशिवाय बापाने लावला तर तो टिकत नाही. मी या दोन निकालांचा विचार नेहमी एकत्र करते. पहिल्यातली मुलगी आपल्या मनाच्या लग्नासाठी बापाचं मत सोडून गेली. तिला तसं का जावं लागलं, त्या घरात तिच्याशी कोण काय बोललं असेल, हे निकालात सापडत नाही. पण 160 वर्षांनंतरही अशी घरं आपल्या ओळखीत आहेत.

मग वलीने करायचं काय? माझं उत्तर एका शब्दात आहे: चौकशी. मुलगी फोनवरून जे करू शकत नाही ते.

माझ्या अब्बांच्या वेळी स्थळाचा पैगाम आला की ते परळच्या एसटी डेपोत जायचे. खेड-दापोलीच्या गाडीला ओळखीचा कुणी जाणारा सापडला की त्याच्याकडे निरोप द्यायचा, अमक्या घरचा मुलगा कसा आहे, बघून ये. आठ-दहा दिवसांनी परतीच्या गाडीने उत्तर यायचं. त्यांच्याही आधीच्या पिढीत हे काम बोटीने व्हायचं, हर्णै, दाभोळला उतरणाऱ्या माणसांकडून. गावची जमात मुंबईत एकत्र होती, कोण कुणाचा, कुणी बायकोला टाकली, कुणी आईला जपलं, हे लपून राहत नव्हतं. आज मुलगा मीरा रोडला, त्याचे आई-वडील मुंब्र्याला, नोकरी दोहाला. ॲपवर त्याचा फोटो आहे आणि तो स्वतःबद्दल जे सांगतो तेवढंच आहे. ते दुसऱ्या कुणाकडून पडताळायला बापाने उठायला हवं.

म्हणजे मुलाच्या मशिदीत एखाद्या जुम्म्याला जाऊन नमाज पढावी, इमामांशी बोलावं. तो जिथे काम करतो म्हणतो तिथे कुणी ओळखीचं आहे का पाहावं. आखातात असेल तर आपल्या गावचा माणूस तिथे असतोच, त्याला त्याच्या खोलीवर पाठवावं. ओळखपत्र मागावं आणि मागताना ओशाळू नये. विवाह संकेतस्थळांनी नाव नोंदवणाऱ्यांची ओळख पडताळावी, अशी सूचना केंद्र सरकारनेच जून 2016 मध्ये काढलेली आहे. आधी निकाह झाला होता का, झाला असेल तर तलाक झाला आहे का, त्याचा कागद कुठे आहे, हे सरळ तोंडावर विचारावं. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याप्रमाणे विवाह मंडळांची आणि विवाहांची नोंदणी करावी लागते, आपला निकाहही वॉर्ड ऑफिसात नोंदतात. त्याच कायद्याखाली मुसलमान पुरुषाच्या एकाहून जास्त विवाहांची नोंद होऊ शकते, असं उच्च न्यायालयाने 2024 मध्ये म्हटलं आहे. तेव्हा नोंदणीचा दाखला मिळेल एवढ्यावर निर्धास्त राहू नका. हा प्रश्न तुम्ही विचारलात की मुलीला तो विचारावा लागत नाही. तिच्या तोंडून तो संशय वाटतो, बापाच्या तोंडून ती रीत असते.

पैशाचं एकदाच सांगते. न भेटलेल्या माणसाने कस्टममध्ये अडकलेलं पार्सल, आजारी आई, व्हिसाचे पैसे असं काही काढलं की बोलणं तिथेच बंद. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 ला फोन करावा. आणि मुलीवर ओरडू नये. ओरडाल या भीतीनेच ती दुसऱ्यांदा पैसे भरते.

फोटोंबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण या बाबतीत तुमची भीती मला पूर्ण मान्य आहे. 1 जानेवारी 2022 ला देशातल्या कितीतरी मुसलमान बायका-मुलींनी फोन उघडला आणि त्यांना आपला फोटो ‘बुली बाई’ नावाच्या ॲपवर दिसला, लिलावाला मांडल्यासारखा. त्याच्या आदल्या वर्षी ‘सुली डील्स’ झालंच होतं. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने त्या जानेवारीत आरोपींना पकडलं. फोटो उचललेले होते ते त्या मुलींनी स्वतः कुठेकुठे टाकलेले, साधे, घरगुती. हे झालं तेव्हा माझी धाकटी मुलगी म्हणाली, “आता मी कुठेच नाही.” तिने सगळे फोटो काढून टाकले. तिला मी काय सांगणार होते? म्हणून फोटो अस्पष्ट ठेवण्याची सोय जिथे आहे तिथे ती वापरा, आणि स्पष्ट फोटो वलीशी बोलणं झाल्यावर, वलीच्या फोनवरून जाऊ दे. हे मी लाजेखातर सांगत नाही. फोटो कुणाच्या हातात गेला हे एका मोठ्या माणसाला माहीत असलं, तर पुढे काही विपरीत झाल्यास मुलगी पोलीस ठाण्यात एकटी उभी नसते.

मुलांच्या आई-वडिलांनाही दोन शब्द. मुलीचा बाप तुम्हाला फोन करील आणि खोदून विचारील. मनाला लावून घेऊ नका. मुलाचा पगार दहा हजारांनी वाढवून सांगू नका, त्याची रक्तातली साखर लपवू नका. आणि मुलालाही विचारा हो. त्याची पसंती आपण गृहीत धरतो. वयात आलेल्या मुलाचाही निकाह त्याच्या संमतीशिवाय होत नाही.

एक अवघड गोष्ट उरते. मुलीने ॲपवर शोधलेला मुलगा आपल्या जमातीतला नसतो. उर्दू बोलणारा असतो, हनफी असतो, त्याच्या घरी नारळाचं कालवण नसतं. मुलगा सालस, नमाजी, कमावता, घरचे चांगले, तरी बाप म्हणतो, नको. का नको? लोक काय म्हणतील. इथे आपली शरीयतच बापाच्या आड येते. बरोबरीचं स्थळ असताना, मुलगी राजी असताना, वली विनाकारण अडवून धरत असेल, तर त्याचं वलीपण बाजूला ठेवून काझी तिचा निकाह लावू शकतो. हे शाफई मतातच आहे. मी हे तुम्हाला धमकी म्हणून सांगत नाही. तुम्हाला दिलेला हा हक्क तिच्या भल्यासाठी दिलेला आहे, आणि तिचं भलं त्यात नसेल तर तो तुमच्याकडून काढून घेता येतो, एवढं ठाऊक असू दे. जमातीबाहेर दिलेल्या चार मुली मला माहीत आहेत. त्यांतल्या तिघी सुखात आहेत. चौथी नाही, पण तिचं दुःख जमातीचं नाही, नवऱ्याच्या दारूचं आहे. ती चौकशी कुणी केली नव्हती.

मुलीच्या वतीने आपणच उत्तरं द्यायची ही माझी चूक फक्त आपल्याच घरांत होते असं नाही. आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर सावंतकाकू राहायच्या. त्यांनीही दादरच्या एका वधू-वर सूचक मंडळात लेकीचं नाव घातलं होतं आणि घरी बसून तिच्या वतीने होकार-नकार कळवत होत्या. माझं सगळं ऐकल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, मी पण हेच करतेय.”

माझ्या थोरलीचं पुढे काय झालं ते सांगते. माहीमच्या त्या मुलाकडे आम्ही पुन्हा गेलो नाही, त्याची मंगनी नंतर दुसरीकडे झाली. वर्षभर तिने लग्नाचा विषय काढू दिला नाही. मग एक दिवस स्वतःच म्हणाली, मी नाव घालते, पण लिहिणार मी. आम्ही तिघं बसलो. ठरलं ते असं: पहिली ओळख ती करील, बोलणं तिचं तीच करील, ते आम्ही वाचणार नाही. एखादा माणूस तिला बरा वाटला की ती त्याला सांगेल, आता माझ्या वडिलांशी बोल. जो त्यानंतर टाळाटाळ करील तो सुटला. दोघं या अटीवर फोन बंद करून पळाले. तिसरा भिवंडीचा होता. त्याने त्याच संध्याकाळी तिच्या अब्बांना फोन केला. अब्बा माझगाव डॉकमधून निवृत्त झालेले, फार बोलणारे नाहीत. पण त्यांनी त्या मुलासाठी भिवंडीच्या तीन चकरा मारल्या, एकदा तर न सांगता. मुलीला ते फक्त एवढंच म्हणाले, “माणूस आईशी हळू बोलतो.”

निकाहाच्या दिवशी वकील आणि दोन गवाह तिची परवानगी घ्यायला आतल्या खोलीत आले. मेहरची रक्कम सांगितली, मुलाचं नाव सांगितलं, विचारलं, कबूल आहे का. तिथल्या बायकांनी सवयीने तिचं डोकं खाली दाबलं, लाजेने गप्प राहायची आपली पद्धत. गप्प राहिली तरी चाललं असतं. तिने मान वर केली, वकिलाकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ‘कबूल आहे’ म्हटलं.

लालबागच्या त्या आईला मी हे सगळं सांगितलं नाही, एवढा वेळ नव्हता, तिला भाजी घेऊन घरी जायचं होतं. मी तिला वलीचा रकाना रिकामा ठेवायला सांगितलं आणि मुलीच्या अब्बांना शुक्रवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, फोन करायला सांगितलं. फोन मुलीने करायचा, आईने नाही.

गेल्या आठवड्यात ती भाजी गल्लीत भेटली. बाप-लेक आता दर शुक्रवारी बोलतात म्हणाली. पहिल्या वेळी दोघांनाही बोलायला सुचेना. 22 वर्षं त्यांचं बोलणं म्हणजे पैसे पोचले का आणि तब्येत कशी आहे, एवढंच होतं. दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी विचारलं, “तुला कसा माणूस हवा, मला सांग तरी.” ती फोन घेऊन गॅलरीत गेली आणि पाऊण तास आत आली नाही. काय बोलली ते आईलाही अजून माहीत नाही.